टेबलाला भाडे, गाडीला माफी

बॉस्टन शहराने 2022 च्या उन्हाळ्यासाठी एक नियम केला आणि त्यावरून जे भांडण पेटले ते पुढे काही वर्षे धुमसत राहिले. हॉटेलवाल्यांनी फुटपाथवर किंवा रस्त्याच्या कडेला टेबले मांडायला शहराची हरकत नव्हती आणि त्या जागेचे पैसेही शहर मागत नव्हते. पण हॉटेल नॉर्थ एंड नावाच्या वस्तीत असेल, तर हंगामाचे 7,500 डॉलर भरायचे. टेबलांनी गाड्या लावायची जागा व्यापली, तर अशा प्रत्येक जागेमागे दरमहा आणखी 458 डॉलर. हंगामही इतरांपेक्षा आखूड, मे ते सप्टेंबर. शहर एक, काम एक, पण एका वस्तीला बिल आणि बाकीच्यांना माफी. हॉटेलवाले चिडले, प्रकरण न्यायालयात गेले. 2023 मध्ये तर प्रशासनाने नॉर्थ एंडमध्ये रस्त्यावरची टेबले बंदच करून टाकली. ज्यांचा फुटपाथ पुरेसा रुंद, त्यांना तेवढ्यावर परवानगी राहिली.

या भांडणात दोन बाजू आहेत असे सगळे धरून चालले होते: व्यवसाय जगवू पाहणारे हॉटेलवाले आणि झोप, शांतता मागणारे रहिवासी. मला त्यात तिसरा पक्ष दिसतो. तो मूक आहे, चार चाकांचा आहे आणि त्याच रस्त्यावर फुकट उभा आहे. गर्दीच्या वस्तीत टेबलांसाठी जास्त पैसे मागणे योग्यच होते, असे माझे मत आहे. मागण्याची रीत मात्र चुकली. आणि त्या तिसऱ्या पक्षाला हात लावायची तयारी कोणाचीच नसल्यामुळे सगळा हिशेब पहिल्या ओळीपासूनच लंगडा राहिला.

आधी ही वस्ती समजून घेऊ. नॉर्थ एंड ही बॉस्टनमधली सर्वांत जुनी निवासी वस्ती. पॉल रिव्हिअरचे सतराव्या शतकातले लाकडी घर इथलेच, 1723 साली बांधलेले ओल्ड नॉर्थ चर्चही इथलेच. एकोणिसाव्या शतकात इथे आयरिश आले, मग पूर्व युरोपातले ज्यू आणि त्यानंतर इटालियन. विटांच्या चार-पाच मजली इमारती खेटून उभ्या आहेत, गल्ल्या घोडागाडीच्या काळातल्या. जेन जेकब्स यांनी 1961 साली अमेरिकन शहरांवर जे गाजलेले पुस्तक लिहिले, त्याच्या सुरुवातीलाच नॉर्थ एंड येते. नियोजनकारांच्या दफ्तरी ती झोपडपट्टी होती आणि बँका तिथे कर्ज द्यायला राजी नव्हत्या. लोकांनी मात्र आपापसात मदत करून घरे डागडुजीला काढली होती आणि रस्ते माणसांनी गजबजलेले होते. दाट वस्ती म्हणजे रोगट वस्ती हे समीकरण खोटे आहे, हे दाखवायला जेकब्स यांना याहून चांगले उदाहरण मिळाले नसते.

1950 च्या दशकात बांधलेल्या उन्नत महामार्गाने ही वस्ती उरलेल्या शहरापासून तोडली होती. तो रस्ता पुढे प्रचंड खर्च करून जमिनीखाली नेला गेला आणि त्याच्या जागी 2008 मध्ये बागांचा पट्टा लोकांसाठी खुला झाला. दुरावा संपला, पर्यटक वाढले, हॅनोव्हर स्ट्रीटवर इटालियन जेवणाची रीघ लागली. ज्या चैतन्याचे जेकब्स यांना कौतुक वाटले, तेच आता दर शनिवारी संध्याकाळी बाहेरगावाहून लोकांना ओढून आणू लागले. वस्ती आवडू लागली की ती राहण्याजोगी उरत नाही, हा शहरांचा जुना शाप आहे.

त्यात 2020 साली करोना आला. आत बसवून जेवायला घालणे बंद झाल्यावर शहराने रस्ता मोकळा करून दिला. परवान्याचे सोपस्कार कमी झाले, गाड्यांच्या जागांवर टेबले आली आणि हॉटेले वाचली. तातडीच्या काळात घेतलेला तो निर्णय बरोबर होता. पण तातडी ओसरली तरी टेबले राहिली आणि मग तक्रारी सुरू झाल्या. रात्री उशिरापर्यंत आवाज, सकाळी कचऱ्याच्या पिशव्या, त्यांच्या मागून उंदीर. बाबागाडी किंवा चाकांची खुर्ची फुटपाथवरून जाईना. अग्निशमन दलाची गाडी वळेल की नाही याची धास्ती. या तक्रारी खोट्या नव्हत्या. रुंद रस्त्यावर दहा टेबले विरून जातात, पण बारा पावलांच्या गल्लीत तीच दहा टेबले समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत शिरतात.

म्हणून ‘इतरांना फुकट तर आम्हालाच पैसे का?’ हा हॉटेलवाल्यांचा सवाल ऐकायला न्याय्य वाटला तरी पुरेसा नाही. जागेची टंचाई सगळीकडे सारखी नसेल, तर जागेची किंमतही सारखी असू शकत नाही. हॅनोव्हर स्ट्रीटवरच्या गाळ्याचे भाडे उपनगरातल्या गाळ्याइतकेच असावे, असे कोणी म्हणत नाही. मग त्याच गाळ्यासमोरची सार्वजनिक जमीन मात्र सगळीकडे एकाच भावात, किंबहुना फुकट, का मिळावी? ‘आम्ही कर भरतो, गिऱ्हाईकही भरते’ हे उत्तरही तोकडे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये हॉटेलातल्या जेवणावर राज्याचा 6.25 टक्के आणि बॉस्टनमध्ये शहराचा आणखी 0.75 टक्का कर लागतो, हे खरे. पण तो कर आत बसून जेवणाऱ्यालाही लागतो. रस्त्याचा तुकडा हंगामभर एकट्याने वापरण्याचा मोबदला त्यात येत नाही.

इथपर्यंत मी महापौर मिशेल वू यांच्या बाजूने आहे. कायद्याचे शिक्षण घेण्याआधी शिकागोत चहाचे दुकान चालवलेल्या आणि पुढे बॉस्टन महापालिकेत हॉटेल परवान्यांची वाट सोपी करण्याचे काम केलेल्या या बाई हॉटेलवाल्यांच्या वैरी होत्या, असे म्हणता येणार नाही. चूक हेतूत नव्हती, मोजमापात होती.

7,500 डॉलर पाच महिन्यांवर वाटले तर दिवसाला सुमारे 49 डॉलर पडतात. गजबजलेल्या हॉटेलला ही रक्कम दोन-तीन ताटांत वसूल होईल. पण ती प्रत्येक हॉटेलवर एकच होती. वीस टेबले मांडणाऱ्याला एका टेबलामागे 375 डॉलर पडले, चारच टेबले मावणाऱ्याला 1,875. टेबल तेच, रस्ता तोच, पण लहानाला भाव पाचपट. टीका झाल्यावर लहान हॉटेलांना सवलत आणि हप्त्यांची सोय देण्यात आली, पण सवलत ही मेहेरबानी असते. मूळ दरच टेबलांच्या किंवा चौरस फुटांच्या मापाने ठरला असता, तर ती मागायची वेळच आली नसती. 458 डॉलरचा भाग त्या मानाने सरळ होता: गाडीची एक जागा, एक महिना, इतके पैसे. वाद उसळला तो मुख्यतः त्या ठोक रकमेवरून, आणि तो उसळणारच होता. ठोक रकमेला माप नसते, फक्त पत्ता असतो. पत्ता पाहून आकारलेल्या पैशाला माणूस भाडे समजत नाही, दंड समजतो.

न्यूयॉर्कने 2023 च्या कायद्यानंतर जी पद्धत आणली ती याहून शहाणपणाची आहे. शहराचे चार विभाग पाडले आणि दर चौरस फुटाला वर्षाचा भाव ठरवला: फुटपाथसाठी 6 ते 31 डॉलर, रस्त्यावरच्या जागेसाठी 5 ते 25 डॉलर. 8 बाय 20 फुटांची, म्हणजे एका गाडीएवढी 160 चौरस फूट जागा घेतली, तर स्वस्त विभागात 800 आणि महागड्या मॅनहॅटनमध्ये 4,000 डॉलर. तिथेही गर्दीची वस्ती जास्तच भरते, पण किती आणि कशासाठी हे ज्याला गुणाकार येतो त्याला कळते. न्यूयॉर्कची योजना निर्दोष आहे असे नाही. करोनाकाळात तिथे बारा हजारांवर हॉटेलांनी बाहेर टेबले मांडली होती, नव्या नियमांनंतर त्यातला लहानसा हिस्साच उरला. रस्त्यावरचा मांडव दर हिवाळ्यात उतरवायचा आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभारायचा खर्च, शिवाय कागदपत्रांची रांग, हे लहान हॉटेलला शुल्काइतकेच जड जाते. दर न्याय्य असूनही वाट काटेरी असेल तर ती फक्त पैसेवाल्यांना परवडते.

पैसा कशासाठी घेतला याचा हिशेब देणे ही दुसरी कसोटी. बॉस्टनचे म्हणणे होते की या रकमेतून कचरा, उंदीर, सफाई आणि रहिवाशांच्या पार्किंगची सोय पाहिली जाईल. उद्देश चांगला. पण याच शहराला याच मुद्द्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकदा चपराक दिलेली आहे. आग लागल्यास जास्त बंदोबस्त लागेल अशा ठरावीक मोठ्या इमारतींकडून बॉस्टन वेगळे शुल्क घेऊ लागले होते. 1984 साली एमर्सन कॉलेजच्या खटल्यात न्यायालयाने ते रद्द केले. ज्या सेवेचा लाभ सगळ्या शहराला होतो, जी नाकारण्याची मुभा भरणाऱ्याला नाही आणि जिचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो, तिच्या नावाने घेतलेली रक्कम शुल्क नसून कर आहे, असा त्या निकालाचा गाभा. आपल्याकडे शिरूर मठ खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने जवळपास हीच रेषा आखली: शुल्क म्हणजे दिलेल्या सेवेचा मोबदला, कराला तशी अट नाही. नंतरच्या निकालांनी ही अट सैल केली, पण सामान्य माणसाच्या मनातला न्याय अजून तिथेच आहे. माझ्या पैशाने माझ्या गल्लीत काय झाले, एवढे त्याला दिसावे लागते.

या बाबतीत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराचा धडा मोलाचा आहे. तिथल्या जुन्या बाजारपेठेत 1993 साली पार्किंगचे मीटर लावायचे ठरले तेव्हा दुकानदारांनी विरोध केला. मीटरचा पैसा त्याच बाजारपेठेच्या फुटपाथांवर, दिव्यांवर, झाडांवर खर्च होईल असे ठरल्यावर विरोध मावळला आणि मरगळलेला बाजार उभा राहिला. पार्किंगच्या अर्थशास्त्रावर आयुष्य घालवलेले प्राध्यापक डोनल्ड शूप हे उदाहरण नेहमी देत. रस्त्याचा पैसा रस्त्यावरच परत आला, तर भरणाऱ्याची कुरकुर थांबते आणि शेजाऱ्यांचीही त्या पैशाशी भागीदारी होते, हे त्यांचे सूत्र. नॉर्थ एंडमधल्या रहिवाशाला टेबलांच्या पैशातून आपल्या दारातली सफाई वाढलेली दिसली असती, तर त्याला टेबले कदाचित इतकी खुपली नसती.

आता शुल्काच्या कल्पनेवरचाच गंभीर आक्षेप. पैसे घेतले की उपद्रवाला परवाना मिळतो. या शंकेला आधार आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवर दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला आणि 2000 साली छापून आलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड उठवल्यावरही वाढलेलाच राहिला. आधी उशीर झाला की ओशाळे वाटत असे, दंडानंतर ती विकतची सेवा झाली. हॉटेलवाल्याचेही तसे होऊ शकते. ‘साडेसात हजार भरलेत, आता अकरा वाजता आवाज झाला तर बिघडले कुठे?’

हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यावरचा उतारा शुल्क रद्द करण्यात नाही. काय विकायचे आणि काय विकायचे नाही, हे आधी ठरवण्यात आहे. गाडी लावायची जागा भाड्याने देता येते, कारण ती कोणी ना कोणी अडवणारच असते. चालणाऱ्याची वाट भाड्याने देता येत नाही. चाकांच्या खुर्चीला लागणारी रुंदी, अग्निशमनाच्या गाडीचे वळण, रात्रीची झोप या गोष्टी कितीही बोली लागली तरी विक्रीला नसाव्यात. पॅरिसने 2021 पासून उन्हाळ्यात पार्किंगच्या जागांवर टेबलांना परवानगी दिली, त्यासाठी शुल्कही आकारले, पण रात्री दहाची वेळ घालून दिली. जास्त पैसे भरून ती अकरा करून मिळत नाही. आधी मर्यादा, मग किंमत, हा क्रम पाळला तर शुल्क उपद्रवाचा परवाना होत नाही. क्रम उलटा झाला की तो होतोच. मर्यादेत बसत नाही अशा गल्लीला सरळ नाही म्हणावे. नॉर्थ एंडमधल्या काही गल्ल्या या ‘नाही’च्या हक्काच्या असतीलही. पण तो निवाडा गल्ली मोजून व्हायला हवा होता. आधी सगळ्या वस्तीला एकच दर आणि पुढच्या वर्षी सगळ्या वस्तीला एकच बंदी, यात गल्लीचे माप कुठेच आले नाही. त्या वर्षी नदीवरच्या पुलाचे आणि समनर बोगद्याचे काम सुरू होते, वाहतूक तुंबणार होती, ही सबब खरी होती. पण बोगद्याची कामे संपतात, आणि बंदी त्यानंतरही राहिली.

आता तिसऱ्या पक्षाकडे येऊ. जी जागा टेबलांनी घेतली म्हणून हॉटेलवाल्याने दरमहा 458 डॉलर भरले, तीच जागा रहिवाशाच्या गाडीने घेतली तर शहर काय घेते? काही नाही. बॉस्टनमध्ये रहिवाशांचा पार्किंगचा परवाना फुकट आहे आणि एका घराने किती परवाने घ्यावेत यालाही मर्यादा नाही. परिणाम उघड आहे. जागा थोड्या, परवाने उदंड. मिशेल वू नगरसेविका असताना त्यांनी 2018 मध्ये या परवान्याला वर्षाला 25 डॉलरपासून शुल्क लावावे असा प्रस्ताव मांडला होता. तो तडीस गेला नाही. म्हणजे त्यांना दुखणे ठाऊक होते. वर्षाचे 25 डॉलर मागायची हिंमत जिथे राजकारणाला झाली नाही, तिथे महिन्याचे 458 मागायची झाली, कारण हॉटेलवाले मूठभर आणि गाडीवाले मतदार.

यावर रहिवासी म्हणेल, गाडी माझी गरज आहे आणि टेबल त्याचा धंदा. या वाक्यात जेवढे तथ्य तेवढीच लबाडी आहे. म्हातारे आईवडील, अपंगत्व, रात्रपाळी अशा गरजा खऱ्या असतात आणि त्यांना सूट द्यावीच. पण वस्तीतल्या ज्या घरांकडे गाडी नाही, त्यांनी का म्हणून शेजाऱ्याच्या दुसऱ्या गाडीला सार्वजनिक जमीन आंदण द्यावी? 160 चौरस फुटांत चार टेबलांवर संध्याकाळभरात तीस-चाळीस माणसे जेवतात, दोन-चार जणांना रोजगार मिळतो. त्याच 160 चौरस फुटांत एक गाडी रविवारपासून शुक्रवारपर्यंत झोपलेली असते. म्हणून टेबल श्रेष्ठ आणि गाडी नीच, असे मला म्हणायचे नाही. दोन्ही रस्ता व्यापतात, तेव्हा दोन्ही एकाच तराजूत पडावीत, एवढेच. एकाकडून बाजारभाव आणि दुसऱ्याकडून शून्य घेतले, तर टंचाई कोणामुळे आहे हे कधीच कळत नाही, आणि मग शेजारी शेजाऱ्याच्या उरावर बसतो.

हा तराजू आपल्या शहरांतही वाकडाच आहे, फक्त पारडी वेगळी आहेत. मुंबईत 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून महापालिका परवाना नसलेल्या फेरीवाल्यांकडून रोजची पावती फाडत असे. कागदोपत्री ते जागा व्यापण्याचे आणि कचरा उचलण्याचे शुल्क होते. फेरीवाल्यांनी त्या पावत्या जपून ठेवल्या, कारण आपण इथे आहोत याचा दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. महापालिका एका हाताने पावती देत होती आणि दुसऱ्या हाताने माल उचलून नेत होती. पैसे घ्यायचे पण हक्क द्यायचा नाही, हे बॉस्टनहून वाईट. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात ठरावीक क्षेत्रे आखण्याची दिशा दाखवली, 1989 मध्ये रस्त्यावरच्या व्यवसायाला वाजवी निर्बंधांसह घटनेचे संरक्षण मान्य केले आणि 2014 च्या कायद्याने शहर फेरीवाला समित्या आणल्या. त्यांत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत अशी तरतूद आहे. कागद उत्तम. पण अंमलाची गती पाहिली की पावती आणि हप्ता यांच्यातली पोकळी कोण भरून काढतो, हे कोणालाही सांगावे लागत नाही.

आणि गाड्या? 2018 मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर झाले. विरोध एवढा झाला की ते आधी पाच रस्त्यांच्या प्रयोगापुरते आक्रसले आणि मग तेही रेंगाळले. फुटपाथवरच्या वडापावच्या गाडीवर अतिक्रमण विभागाची कारवाई होते तेव्हा टाळ्या वाजवणारा मध्यमवर्ग स्वतःची चारचाकी सोसायटीच्या फाटकाबाहेर लावतो, तेव्हा त्याला अतिक्रमण हा शब्द आठवत नाही. हॉटेलवाला फ्रंट मार्जिनमध्ये पत्रे ठोकतो, त्याची टेबले हळूहळू फुटपाथवर उतरतात, आणि त्याच्यावर कारवाई होणार की दुर्लक्ष, हे नियमावर नाही तर ओळखीवर ठरते. आपल्याकडे रस्त्याला किंमत नाही असे नाही. ती आहे आणि रोज वसूल होते. फक्त ती तिजोरीत जात नाही.

म्हणून बॉस्टनच्या भांडणातून आपल्या नगरसेवकांनी ‘टेबलांना शुल्क लावा’ एवढाच अर्थ काढला, तर त्यांनी चुकीचे पान वाचले असे होईल. चालण्याची रुंदी आणि रात्रीची वेळ आधी नक्की करावी आणि ती कोणालाही विकू नये. उरलेल्या जागेला चौरस फुटाने आणि महिन्याने दर लावावा, गर्दीच्या वस्तीत जास्त, विरळ वस्तीत कमी. वडापावची गाडी, तारांकित हॉटेलचे टेबल आणि घरची चारचाकी यांना माप एकच असावे. सूट द्यायची तर ती मिळकत आणि गरज पाहून, उघडपणे, कागदावर द्यावी. जमलेला पैसा त्याच वॉर्डात खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब त्याच चौकात लावावा. बॉस्टनने 2023 मध्ये इतर वस्त्यांसाठी दारूचा परवाना असलेल्या हॉटेलला महिन्याला 399 डॉलर आणि नसलेल्याला 199 असा दर आणला, तेव्हा शुल्क मागण्यात गैर काही नाही हे सगळ्या शहराने निमूट मान्य केले. नॉर्थ एंडला हेच मोजून, सगळ्यांबरोबर आणि गाड्यांसकट मागितले असते, तर भांडण झालेच असते, पण ते दराबद्दल झाले असते. दराबद्दलचे भांडण तडजोडीने सुटते. आपल्यालाच वेगळे काढले या भावनेतून झालेले भांडण न्यायालयात जाते आणि तिथूनही शेजाऱ्यांना पूर्वीसारखे शेजारी करून परत पाठवत नाही.